आधी गादीवरच्यांना कोच हवा

वेंगुर्ले-सावंतवाडी परिसरातल्या माझ्या ओळखीच्या काजू कारखानदारांमध्ये सध्या एक वाद रंगला आहे आणि नातेवाइकांच्या फोनवरून तो इंग्लंडमध्ये माझ्यापर्यंतही पोहोचतो. धंद्यात उतरलेल्या पुढच्या पिढीसाठी व्यावसायिक कोच नेमावा, असे काही तरुणांचे म्हणणे आहे. त्यावर ज्येष्ठांचा सवाल असा की, आम्हाला कोणी कोच दिला होता? कोचची गरज असलीच तर ती मुलाला, हे मात्र दोन्ही बाजूंनी गृहीत धरले आहे. मला ते मान्य नाही.

मी इथल्या एका अन्नप्रक्रिया कंपनीत विभागप्रमुख आहे आणि या पदावर आलेल्याला कोच मिळणे ही आमच्याकडे नेहमीची बाब आहे. सल्लागार उपाय सांगतो. कोच प्रश्न विचारतो आणि उत्तर तुमच्याकडूनच काढून घेतो. जॉन व्हिटमोर यांच्यामुळे ब्रिटनमध्ये रुजलेली ‘ग्रो’ पद्धत याच क्रमाने जाते: काय साधायचे आहे, आज स्थिती काय आहे, पर्याय कोणते आणि त्यातले तुम्ही नक्की काय करणार. माझ्या कोचबाईंनी मला आठवडाभर घेतलेला प्रत्येक निर्णय वहीत लिहायला लावला आणि त्यापुढे, हा निर्णय माझ्याशिवाय कोण घेऊ शकले असते, त्याचे नाव. त्या वहीतून सुट्या भागांच्या किरकोळ खरेदीचा अधिकार पर्यवेक्षकाकडे गेला, कारण माझ्या वरिष्ठांनी त्यावर सही केली. ती सही झाली नसती, तर ते सारे वहीतच राहिले असते.

इथे काम सुरू होण्यापूर्वी कंपनी, कोच आणि अधिकारी यांच्यात करार होतो. पैसे कंपनी देते, उद्दिष्टे तिघांनाही ठाऊक असतात, पण बैठकीतले बोलणे कोच आणि अधिकारी या दोघांतच राहते. (इथेही सारे आलबेल नाही, ज्याला काढायचे जवळजवळ ठरले आहे, त्याच्याकडे शेवटचा उपाय म्हणून कोच पाठवणाऱ्या कंपन्या आहेत, आणि त्याने कोचिंगचे नाव खराब होते.)

आता आपल्याकडचे पाहू. मुलगा बॉयलर, बोरमा (गर वाळवण्याची भट्टी), प्रतवारी, जीएसटी सांभाळतो. पौंडाला ३०० ते ३२० गर बसणाऱ्या डब्ल्यू-३२० प्रतीच्या काजूची ऑर्डरही तोच मिळवतो. पण काजू बी हंगामातच भरून ठेवावी लागते, वर्षाचे भांडवल तिच्यात अडकते आणि नफा-तोटा खरेदीच्या दरावर ठरतो. तो दर वडील सकाळी फोनवरून ठरवतात. अशा मुलाला कोचने ‘तुझ्यापुढे पर्याय कोणते?’ असे विचारले, तर त्याने काय सांगावे? आणि फी देणाऱ्या वडिलांनी चहा घेताना सहज ‘काय म्हणतो आमचा चिरंजीव?’ एवढे विचारले, की मुलगा पुढच्या बैठकीत मोकळेपणाने बोलणार नाही.

ज्येष्ठांच्या अनुभवाचे मोल मी कमी लेखत नाही. मूठभर बिया कापून गराचा उतारा ओळखणारी त्यांची नजर कोणताही कोच देऊ शकत नाही. म्हणूनच ते ज्ञान आणि तो अधिकार पुढे कसा सोपवायचा, हा प्रश्न त्यांचा आहे आणि पहिल्या बैठका त्यांच्याबरोबर व्हायला हव्यात. शिवाय अनेक घरांत सोलणी-प्रतवारीचा विभाग प्रत्यक्षात मुलगी किंवा सून चालवते. या सगळ्या वादात तिचे नाव एकदाही निघाले नाही, याचे मला वाईट वाटते.

खर्चाची अडचण खरी आहे, पण चार-पाच कारखान्यांनी मिळून एक मराठी बोलणारा कोच ठरवणे अशक्य नाही. कोच म्हणवून घ्यायला कायद्याने परवाना लागत नाही, तेव्हा त्याचा अनुभव तपासूनच घ्यावा. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पायरीच्या प्रमाणपत्रालाही प्रत्यक्ष कोचिंगचे १०० तास लागतात, सर्वोच्च पायरीला २,५००. गुप्ततेची अट वडिलांच्या सहीने लिहून घ्यावी. त्याच कागदावर, येत्या हंगामात ठरावीक पोत्यांचा दर मुलगा किंवा मुलगी स्वतः ठरवेल आणि तोटा दिसू लागला तरी हंगाम संपेपर्यंत वडील मध्ये पडणार नाहीत, हेही असावे.