कमीज वास्को द गामानं पळवली म्हणे!

मावशीनं तो कमीजवाला फॉरवर्ड काल फॅमिली ग्रुपवर परत टाकला. तिसऱ्यांदा. आधी दोनदा गप्प बसलो, पण आज भाचीची वही बघितली तर मराठी भाषा दिनाच्या भाषणात तेच उतरवलंय, सुवाच्य अक्षरात, खाली लाल पेननं दोन रेघा मारून. मग म्हटलं आता लिहायचंच.

फॉरवर्ड काय म्हणतो ते थोडक्यात: कमीज हा शब्द संस्कृत ‘काय-मीज’पासून आला, म्हणजे काया झाकणारं, १४९८ ला वास्को द गामा कालिकतला उतरला तेव्हा युरोपातले लोक कातडी गुंडाळून फिरत होते, त्यानं आपली कमीज तिकडे नेली आणि त्यातून पोर्तुगीज कमीझा, इटालियन कामीचा, फ्रेंच शमीझ, जर्मन हेम्ट असे सगळे शब्द निघाले, आणि शर्ट म्हणजे ‘शिरा’तून घालतात ते.

आधी कातडीचं घेऊ, कारण डोकं त्यानंच जास्त फिरलं. संत जेरोम, बायबल लॅटिनमध्ये आणणारा, बेथलेहेममध्ये राहून फॅबिओला नावाच्या बाईला पुरोहितांच्या कपड्यांबद्दल पत्र लिहितो, इसवी सन ४०० च्या जरा आधी. त्यात तो म्हणतो, वाचणाऱ्याला सोपं जावं म्हणून बोलीतला शब्द वापरतो, सैनिक लिननचे कपडे घालतात त्यांना ‘कामिसिया’ म्हणतात, अंगाला इतके घट्ट बसतात की पळायला आणि लढायला अडचण होत नाही. झालं! कपडा आहे, शब्द आहे, घालणारी माणसंही आहेत, आणि वास्को जन्माला यायला अजून हजारावर वर्षं आहेत. म्हणजे त्यानं चोरलेला माल चोरीच्या अकराशे वर्षं आधीच रोमन शिपायांच्या अंगावर होता.

मग आपल्याकडे कमीज आली कुठून? तर उलट्या दिशेनं. कामिसियाचं अरबीत कमीस झालं, कुराणात यूसुफच्या गोष्टीत त्याचा मागून फाटलेला कपडा म्हणजे कमीसच, तिथून फारसी, उर्दू आणि आपण. आमचे आजोबा ‘खमीस’ म्हणायचे, गोव्यात आजही म्हणतात. तो अरबांच्या गलबतातून उतरला म्हणा नाहीतर पोर्तुगीजांच्या, मूळ तिथंच. आणि ‘मीज’ हा धातू कुठल्या धातुपाठात आहे ते त्या फॉरवर्डवाल्यानं एकदा दाखवावंच.

बरं, शब्द असे वाटेल तसे बदलत नाहीत. लॅटिनमधल्या ‘का’चा फ्रेंचमध्ये ‘श’ होतो, काबाल्लुस म्हणजे घोडा, त्याचा शव्हाल, तसाच कामिसियाचा शमीझ. जर्मनमध्ये जुन्या ‘क’च्या जागी ‘ह’ येतो, लॅटिन केंतुम म्हणजे शंभर, तर जर्मन हुंडर्ट. या हिशोबानं हेम्ट हा कामिसियाचा मुलगा नव्हे, भाऊबंद. अभ्यासकांचं साधारण मत असं की लॅटिननंच हा शब्द उत्तरेकडच्या, आजच्या फ्रान्समधल्या गॉल लोकांकडून उचलला. म्हणजे रोमनांना सदऱ्याचा शब्द मिळाला तो त्यांच्या लेखी रानटी असलेल्यांकडून!

आता एक गोष्ट नाइलाजानं मान्य करतो. केंतुमचं संस्कृत भावंड शतम्, म्हणजे तिकडे ‘क’, इकडे ‘श’. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या विवाहसूक्तात ‘शामुल्य’ नावाचं वस्त्र आहे आणि काही भाषाशास्त्रज्ञ ते हेम्टच्या मुळाशी जोडतात. तेव्हा लांबचं नातं असेलही. पण चुलत आजोबा एक असले म्हणून शेजारच्यानं तुमचा सदरा चोरला असं होत नाही, आणि फॉरवर्डवाल्याला शामुल्य माहीत तरी आहे का, त्यानं ‘काय-मीज’ घरी बसून शिवलंय.

शर्टचं फार बोलत नाही. तो ‘शॉर्ट’चा नातेवाईक, आखूड कपडा. त्याचंच व्हायकिंगांच्या तोंडचं रूप इंग्लंडात जाऊन स्कर्ट झालं, एक कमरेच्या वर राहिला, एक खाली घसरला. आइसलंडमध्ये स्किर्ता म्हणजे अजूनही शर्टच. शिराचा काही संबंध नाही.

कालिकतवरून कॅलिको, छींटवरून चिंट्झ, आणि पायजमा, हे आपल्याकडून खरंच गेले. अभिमान वाटायचा तर तो वाटू दे ना, कोण अडवतंय.

भाचीनं तेवढं पान बदललं. मावशीचं ‘तुला सगळंच चुकीचं दिसतं’ असं उत्तर आलं. ब्राझीलमध्ये ‘छोटी कमीज’ म्हणजे कमिझिन्या म्हणजे कंडोम, तर तोही आपण १४९८ लाच दिला का, असं टाइप केलं होतं, पण ग्रुपवर आजी आहे म्हणून डिलीट केलं.