मशीन विकता, मग चालवायला कोण शिकवणार?

वळवानं मोडलेली कडुलिंबाची फांदी काढायला आज सकाळी आमच्या गल्लीत, विजापूर रोडला, दोन पोरं आली होती. पायात स्लीपर, डोळ्यांवर काही नाही, आणि एकजण शिडीवर चढून चेनसॉ, म्हणजे इंजिनवर फिरणाऱ्या दातेरी चेनची करवत, खांद्याच्या वर धरून कापतोय. लोक खाली उभे राहून शूटिंग काढतायत! मी ओरडले, तर म्हणतो, "काकू, रोजचंच काम आहे की."

मोहोळचा माझा मावसभाऊपण हेच म्हणायचा. बांधावरच्या बाभळीच्या फांद्या छाटताना, चेन जिच्यावरून फिरते त्या पट्टीच्या टोकाची वरची बाजू दुसऱ्या फांदीला टेकली आणि मशीन उसळून थेट खांद्यावर. किकबॅक म्हणतात त्याला. हात मागे घ्यायला वेळच मिळत नाही. तेवढ्यासाठीच पुढच्या दांड्यापाशी चेन ब्रेक असतो. भावाच्या मशीनचा ब्रेक लागतच नव्हता, आणि काम सुरू करण्याआधी तो तपासायचा असतो हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. विकणाऱ्यानं पेट्रोलमध्ये ऑइल किती घालायचं ते सांगितलं, पैसे मोजून घेतले, झालं.

संताप येतो अक्षरशः. स्कूटर चालवायला लायसन लागतं आणि हे मशीन कुणीही उचलावं?

ब्रिटनमध्ये १९९८ च्या नियमांखाली झाडं कापायचं काम करणाऱ्याकडे प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावं अशी अपेक्षा असते. तिथं सुरुवातच मशीनच्या देखभालीपासून आणि आडवं पडलेलं लाकूड कापण्यापासून होते, उभं झाड नंतर. बरोबरच आहे. चेन बोथट झाली की कपच्यांऐवजी बारीक भुसा पडतो, माणूस जोर लावायला लागतो आणि तिथंच घात होतो. कानस कशी फिरवायची, चेन किती ताणायची, हे हातात हात धरून शिकवावं लागतं.

शिकायला गेलं की मजुरी बुडते, मान्य. म्हणून तर त्या पोरांवर माझा राग नाही. भाऊ अजून डावा हात वर करू शकत नाही, मावशी त्याला शर्ट घालून देते. कुणाच्या आईवर ही वेळ येऊ नये हो.

पण काम देणाऱ्यांचं काय? हेल्मेट, तोंडावरची जाळी आणि ती जाड पँट, जिचे धागे चेनमध्ये अडकून चेन जाम करतात, ही ठेकेदारानंच द्यायला हवी. शहरात झाड तोडायला १९७५ च्या कायद्यानं परवानगी लागतेच ना? मग त्याच अर्जात मशीन चालवणाऱ्याच्या प्रशिक्षणाचा एक रकाना घाला, आणि आयटीआयमध्ये त्याचा वर्ग काढा. महापालिकेला या आठवड्यात निवेदन देणार आहे. ज्यांना सही करायची असेल त्यांनी खाली नाव टाका.