पट्ट्यापट्ट्यांचा कोट

स्वीडनमधल्या गोटेबोर्गच्या मावसभावाने घर बदलताना अडगळ काढली आणि त्यातली एक व्हीएचएस कॅसेट माझ्या गळ्यात मारली. लेबलवर त्याच्या कोंबडीच्या पायांच्या अक्षरात लिहिलं होतं, ‘ब्लूज, जे. बी.?’ त्या प्रश्नचिन्हापायी मी दोन रात्री झोपलो नाही.

जे. बी. लेनोर हा शिकागोचा ब्लूज गायक. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत. गेली सहा वर्षं मी त्याचं चित्रीकरण शोधतोय. बायकोच्या मते हा आजार आहे. हा माणूस मूळचा मिसिसिपीचा, जन्म १९२९चा. झेब्र्यासारखा पट्ट्यापट्ट्यांचा लांब कोट घालून गिटार वाजवायचा आणि आवाज इतका चढा, की डोळे मिटून ऐकलं तर बाई गातेय असं वाटावं. १९५४मध्ये त्याने थेट राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या नावाने गाणं काढलं, तर कंपनीने नाव गाळून ते पुन्हा गायला लावलं. पुढे विद्यापीठाच्या स्वयंपाकघरात नोकरी केली आणि १९६७मध्ये मोटार अपघातानंतर तीनेक आठवड्यांत गेला. वय ३८.

साठच्या दशकात सीबर्ग नावाच्या जोडप्याने शिकागोत स्वीडिश टीव्हीसाठी त्याच्यावर फिल्म काढली होती. टीव्हीवाल्यांनी ती नाकारली. जोडपं सांगतं ते कारण असं, की फिल्म रंगीत आणि तिकडचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट! जर्मन दिग्दर्शक विम वेंडर्सने २००३मध्ये आपल्या माहितीपटात तिचे तुकडे दाखवले. तुकड्यांवर समाधान मानणारा माणूस मी नव्हे.

तर डोंबिवलीत एका दुकानावर पाटी होती, ‘लग्नाच्या कॅसेटी पेन ड्राइव्हवर करून मिळतील’. काउंटरवरच्या मुलाने पावतीबुक उघडलं.

“नवरदेवाचं नाव?”

“लग्न नाहीये. गाण्याचा कार्यक्रम आहे.”

“म्हणजे संगीत. नाव सांगा ना काका.”

मला एक्केचाळीस पूर्ण व्हायचीत. पण गरज माझी होती. “जे. बी. लेनोर.”

“जे. बी. म्हणजे?”

“काही नाही. जे. बी. हेच नाव. आईबापांनी नुसती दोन अक्षरं ठेवली.”

“असं कसं? जयवंत, जनार्दन, काहीतरी असणारच.”

“नाही हो.”

“मग आधारला कसं लावलं?”

“ते १९६७ला वारले.”

तो एकदम गंभीर झाला. पेन खाली ठेवलं. “सॉरी काका. तुमचे कोण?”

आता याला काय सांगणार? मागे एक आजोबा मुलीच्या डोहाळजेवणाची कॅसेट घेऊन ताटकळले होते. तेही हळहळले आणि “मिलिटरीत होते का?” म्हणून चौकशी केली. मी “हो” म्हणून टाकलं. पावतीवर ‘कै. जनार्दन ब. लेणार’ लागले. साडेतीनशे रुपये, चार दिवस.

तसं टेप जपण्याच्या बाबतीत दुसऱ्याला बोलायला मला तोंड नाही. पूर्वी व्हिडिओ टेप महाग, म्हणून खुद्द बीबीसीनेही कितीतरी कार्यक्रम पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या. आमच्या घरी बाबांनी तेच केलं. माझ्या मुंजीची कॅसेट लावली, की मी भिक्षावळीला झोळी पुढे करतो आणि पुढच्या क्षणी बंगळुरात अजय जडेजा वकार युनूसला ठोकायला लागतो. १९९६ची क्वार्टर फायनल. मातृभोजन कायमचं गेलं. आई अजून बोलून दाखवते.

काल पेन ड्राइव्ह मिळाला. घरी धावत आलो. पस्तीस मिनिटं स्वीडिश हवामान आणि एका बाईची स्वयंपाकाची कृती, बहुतेक बटाट्याची. मग टप्प करून एक उडी आणि थेट आइस हॉकी. तसाच उलटा दुकानात.

“मध्ये काहीतरी गेलंय.”

“गेलं नाही, मी काढलं,” तो अभिमानाने म्हणाला. “चारेक मिनिटांचा पट्टा खराब होता. बुरशी, हेडला चिकटत होता. कापून मस्त जॉइंट मारलाय, कळतपण नाही बघा.”

“काय होतं त्यात?”

“काहीच नव्हतं काका. एक माणूस गिटार घेऊन बसलेला, पण आवाज बाईचा. म्हणजे स्पीड गंडलेला. रंगपण गेलेला, सगळं ब्लॅक अँड व्हाइट. आणि अंगावर नुसत्या काळ्यापांढऱ्या लाइनी. ट्रॅकिंग किती फिरवलं, बॅकग्राउंड क्लिअर, पण त्या माणसावरच्या लाइनी काय जाईनात.”

मी काउंटर धरला. “तो तुकडा कुठाय?”

“कचऱ्यात. मंगळवारीच गाडी येऊन गेली.”

तो जे. बी. होता की नाही, देव जाणे. दहा मिनिटं मी त्या पोराला जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. तो शांतपणे ऐकत होता. गेलेल्या माणसाच्या घरचे आहेत, चालायचंच, असा चेहरा करून. मग त्याने पावती पुढे सरकवली. जॉइंट मारल्याचे पन्नास रुपये वेगळे होते.

दिले. मागचे आजोबा बघत होते ना.