गूगलबाबाला कौल कसा लावावा

सगळ्यात आधी, सर्चच्या चौकटीत एकच शब्द टाकायचा. जास्त टाईप केलं की बोटं झिजतात. समजा टिळक-आगरकरांनी १८८१ साली काढलेल्या पेपरची माहिती पाहिजे, तर नुसतं 'केसरी' लिहा आणि निवांत बसा. युरोपच्या सहली येतील, अक्षय कुमार पगडी बांधून येईल, कुस्तीची गदा येईल, रव्याच्या केसरीची रेसिपी पण येईल आणि हे सगळं बघता बघता आपल्याला काय पाहिजे होतं तेच विसरायला होईल, म्हणजे प्रश्नच मिटला. 'केसरी टिळक वृत्तपत्र १८८१' असं लिहायचं, नको असलेल्या शब्दाला चिकटून वजाचं चिन्ह टाकायचं, 'केसरी -टूर -चित्रपट' वगैरे, हे रिकामटेकड्यांचे धंदे. कवितेची अर्धीच ओळ आठवतेय आणि ती दुहेरी अवतरणचिन्हात टाकली की हुबेहूब तेच शब्द असलेली पानं वर येतात म्हणे, पण मग फॅमिली ग्रुपवर विचारायची मजा जाते ना राव. तिथे प्रत्येक काका वेगळा कवी सांगतो आणि एकजण तरी ती पुलंच्या नावावर खपवतोच.

दुसरं, आधी उत्तर ठरवायचं आणि मग प्रश्न विचारायचा. 'तांब्याच्या भांड्यातलं पाणी पिण्याचे फायदे' असं लिहा. फायदे विचारलेत तर फायदेच येणार, एकाखाली एक, वजन कमी होण्यापासून केस काळे होण्यापर्यंत. चुकून 'तोटे' किंवा 'संशोधन' असला शब्द टाकलात तर भलतंच काहीतरी वाचावं लागेल आणि सासूबाईंना काय दाखवणार?

आलेल्या यादीत पहिलं पान उघडायचं, खाली जायचं नाही. १९९८ मध्ये गूगल काढणाऱ्या पेज आणि ब्रिन या स्टॅनफर्डच्या पोरांची मूळ आयडियाच अशी होती, की ज्या पानाकडे बाकीची वजनदार पानं लिंक देतात ते पान वर. थोडक्यात फ्लेक्सवर खाली जितके शुभेच्छुक जास्त तितका वरचा फोटो मोठा. त्यामुळे वर आहे म्हणजे खरं आहे, विषय संपला. त्याच्याही वर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं ते वाचू नका, डोळ्यांना ताण येतो. मराठी विश्वकोश फुकटात ऑनलाइन आहे, इंग्रजीत 'site:' लिहून पुढे त्याचा पत्ता टाकला की फक्त तिथलंच शोधता येतं, पण तिथे ना पॉप-अप ना 'हे वाचून थक्क व्हाल', असल्या ठिकाणी कोण जातं!

तारीख तर अजिबात बघू नका. जुलैत रात्री धो धो पाऊस सुरू झाला की 'उद्या शाळांना सुट्टी' सर्च करायचं, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश दिसला की लगेच स्क्रीनशॉट मारून शाळेच्या ग्रुपवर. तो आदेश दोन वर्षांपूर्वीचा निघतो, ही काय आपली चूक? 'टूल्स'मध्ये जाऊन मागचे २४ तास निवडता येतात, पण तोवर दुसऱ्याच कुणीतरी टाकलं तर?

आता तर वाचायचे कष्टही गेले, वरच एआयचं तयार उत्तर येतं. २०२४ मध्ये याच एआयने अमेरिकेत, पिझ्झ्यावरचं चीज घसरत असेल तर सॉसमध्ये थोडा गोंद घाला, असा सल्ला दिला होता. रेडिटवरचा कुणाचा तरी जुना जोक त्याने मनापासून वाचला होता, बिचारा. खाली सोर्सच्या लिंक असतात त्यावर क्लिक करायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणं, ते बरं दिसत नाही.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. पेमेंट अडकलं की बँकेचा 'कस्टमर केअर नंबर' गूगल करायचा आणि जो पहिला मोबाईल नंबर दिसेल तो फिरवायचा. कार्डाच्या पाठीमागे नंबर छापलेला असतो, तो शोभेसाठी. खऱ्या बँकेत 'एक दाबा, दोन दाबा' करत गाणं ऐकत बसावं लागतं, इथे पहिल्या रिंगला माणूस उचलतो, 'सर' म्हणतो, रिफंड लगेच देतो म्हणतो, फक्त स्क्रीन शेअर करायचं एक ॲप टाकायला सांगतो. असल्या ॲपवरून होणाऱ्या फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं, पण रिझर्व्ह बँक कधी आपल्याशी इतकं गोड बोललीये का? तो सांगेल ते करा, ओटीपी आला की मोठ्याने आणि स्पष्ट वाचून दाखवा.

अकाउंट रिकामं झालं तर सायबर फसवणुकीची तक्रार करायला १९३० हा सरकारी नंबर आहे, जितक्या लवकर फोन कराल तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. पण चारच आकडे? काहीतरी गडबड वाटते. त्यापेक्षा 'सायबर पोलीस कस्टमर केअर' गूगल करा, पहिलाच नंबर घ्या, तोही लगेच उचलेल.