प्रोसेसरवरच्या तीन ओळी

परवा एका गिऱ्हाइकाचा पीसी सर्व्हिसिंगला आला. कूलर काढला, वाळलेली थर्मल पेस्ट पुसली आणि खालची बारीक अक्षरं दिसली. एएमडी कंपनीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर. त्याच्या आत दोन चिप असतात. एक चिप अमेरिकेत घडलेली, दुसरी तैवानमध्ये, आणि शेवटची जुळणी चीनची. वीस वर्षं पीसी असेंबल करतोय. याच एएमडीच्या जुन्या प्रोसेसरवर जर्मनी आणि मलेशिया लिहिलेलं असायचं, कारण जर्मनीतल्या ड्रेस्डेनचा कारखाना तेव्हा कंपनीच्या मालकीचा होता.

२००९ मध्ये एएमडीने कारखाने वेगळे काढले, त्यातून ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. चिपवाल्याने चिप बनवणं सोडलं, आता ही कंपनी संपली, असं मला तेव्हा वाटलं होतं. माझं चुकलं. २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजने ७ नॅनोमीटरचं, म्हणजे आणखी बारीक, नव्या पिढीच्या चिपचं काम थांबवलं. कारखाना घरचाच असता तर एएमडी त्याच्यासोबत अडकली असती. ती मोकळी होती, म्हणून तैवानच्या टीएसएमसीकडे, म्हणजे दुसऱ्यांसाठी चिप बनवून देणाऱ्या कंपनीकडे गेली. प्रतिस्पर्धी इंटेलचे कारखाने स्वतःचे, पण १० नॅनोमीटर जमेना, तर वर्षानुवर्षं तिथेच रखडली. २०१९ मध्ये ३६०० आला आणि व्हिडिओ एडिटिंग शिकणाऱ्या पोरांना मी तो डोळे झाकून द्यायला लागलो. म्हणून बाहेरून करून घेणं सरसकट वाईट म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही.

पण दुसरी बाजूही मी काउंटरवर भोगलीय. नोव्हेंबर २०२० मध्ये रायझन ५००० आला आणि मिळेचना. ॲपल, एएमडी, मीडियाटेक, सगळे एकाच कारखानदाराच्या दारात. घरून थ्रीडीचं काम घेतलेला एक मुलगा महिनाभर रोज फोन करायचा. त्याला काय सांगणार?

त्याहून मोठी भीती हातातलं कसब विसरण्याची. इंटेलचे माजी प्रमुख अँडी ग्रोव्ह यांनी २०१० मध्येच बजावलं होतं, की उत्पादन बाहेर गेलं की पुढची वस्तू घडवायला लागणारा अनुभवही जातो. मला हे शंभर टक्के पटतं. पैसा ओतून इमारत उभी राहते, पण बारीकसारीक खाचाखोचा माहीत असलेली माणसं आणि आजूबाजूचे पुरवठादार कुठून आणणार? टीएसएमसीने अमेरिकेत ॲरिझोनामध्ये कारखाना काढला, तिथे चिप बनायलाही लागल्या. पण सुरुवातीच्या त्या चिप पॅकेजिंगसाठी, म्हणजे वापरता येईल अशा आवरणात बसवून जोडण्यासाठी, परत तैवानलाच पाठवाव्या लागल्या.