नाव यादीत नाही म्हणे

१४ जानेवारीला फॅमिली ग्रुपवर सगळ्यांचं तिळगूळ घ्या गोड गोड बोला झालं आणि १५ तारखेला आमच्या आतेभावाने जे तोंड सोडलं ते विचारू नका. पुण्यात महापालिकेचं मतदान होतं, हा सकाळी आंघोळ करून बाणेरच्या केंद्रावर गेला, याद्या धुंडाळल्या, नाव नाही. झालं! नाव मुद्दाम उडवलं, सगळं मॅनेज आहे, या देशाचं काही होणार नाही. खाली सगळ्यांचे संतापलेले इमोजी.

अरे पण बाबा, तू दोन वर्षांपूर्वी कोथरूडहून बाणेरला राहायला गेलास, फॉर्म ८ भरलास का? पत्ता बदलला की तो भरायचा असतो, घरबसल्या होतो. महापालिकेसाठी वेगळी यादी कुणी करत नाही, विधानसभेची १ जुलै २०२५ ची यादी घेतली आणि तीच प्रभागाप्रभागांत फोडली, मग तुझं नाव काय सामानाच्या टेम्पोत बसून बाणेरला येणार होतं? मी इथे डब्लिनमध्ये ऑफिसला निघता निघता फोनवर शोधलं तर दोन मिनिटांत सापडला पठ्ठ्या, कोथरूडच्या जुन्या पत्त्यावर. तसं ग्रुपवर टाकलं. त्यावर उत्तर काय, तर "परदेशात बसून अक्कल शिकवू नकोस ताई, तू कुठे मतदान करतेस?"

करते ना! ७ जून २०२४ ला केलं. माझ्याकडे आयरिश पासपोर्ट नाही तरी सिटी काउन्सिलला, म्हणजे इथल्या महापालिकेला, मत देता येतं, कारण इथे राहते एवढं पुरतं. पीपीएस नंबर (इथला आधारसारखा नंबर), एअरकोड (इथला पिनकोड), जन्मतारीख, दहा मिनिटांत फॉर्म भरून झाला, २० मेपर्यंत मुदत होती तरी मी मार्चमध्येच केलं (हे मी ग्रुपवर दोनदा लिहिलं, कबूल आहे). पोलिंग कार्ड पोस्टाने आलं. रात्री दहापर्यंत मतदान, त्यामुळे ऑफिसातून आले, भात लावला आणि मग गेले. दोरीला बांधलेली पेन्सिल, उमेदवारांचे फोटो, आवडीनुसार १, २, ३ लिहीत जायचं. पुण्यात एका माणसाला चार-चार मतं द्यायला लावतात, आणि चौघांतला एकही नंतर फोन उचलत नाही. आणि २०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नव्हते, प्रशासक होता, तेव्हा हा आतेभाऊ कुठे होता? तेव्हा ग्रुपवर गुड मॉर्निंगची फुलं चालू होती.

२०२५ च्या उन्हाळ्यात इथे भारतीयांवर हल्ले झाले तेव्हा मी आमच्या भागातल्या काउन्सिलरला ईमेल केला. दोन ओळींचं का होईना, उत्तर आलं. हेही ग्रुपवर टाकलं. मुळात संध्याकाळी एकटीने बसस्टॉपवर उभं राहायची भीती वाटत होती म्हणून तो ईमेल लिहिला होता, ते मात्र टाकलं नाही. इथेही निम्मे लोक मतदानाला फिरकत नाहीत आणि खरा कारभार आपल्या आयुक्तासारखाच नेमलेला अधिकारी बघतो, तेही नाही टाकलं.

आणि केंद्रावरची गंमत. त्याच दिवशी युरोपियन पार्लमेंटची निवडणूक पण होती. माझ्या पुढच्या बाईला दोन कागद मिळाले, मला एकच. यादीत माझ्या नावापुढे एल असं अक्षर आहे, एल म्हणजे फक्त लोकल. टेबलावरच्या काकांनी ते अक्षर पट्टीने दाखवलं, फार प्रेमाने. तो एकच कागद घेऊन मी आत गेले आणि दाखवून द्यायचं असल्यासारखी शेवटच्या उमेदवारापर्यंत नंबर लिहीत बसले.

आता खरं सांगते. आतेभावाचं नाव शोधलं तेव्हा सहज माझंही शोधलं. आहे! कोथरूडलाच. माहेरचं आडनाव, बाबांचं नाव, सगळं. म्हणजे २०२५ च्या नोव्हेंबरात मुंबईत दुबार नावांवरून मोर्चा निघाला तेव्हा मी ज्यांच्यावर पोटतिडकीने लिहीत होते त्यांच्यातलीच मी, एक नाव तिथे, एक इथे.

आईला फोन केला. म्हणाली, मतदारयादी तपासायला बीएलओ बाई आल्या होत्या, मी सांगितलं मुलगी इथेच असते. अगं आई, मी अकरा वर्षं डब्लिनला आहे! तर म्हणे, "बाबांचं नाव मीच काढायला दिलं ना, दाखला जोडून. तुझंही काढलं तर आपल्या घर नंबरापुढे मी एकटीच."

आतेभावाला फॉर्म ८ ची लिंक पाठवली, त्याने नुसता अंगठा दाखवला. मी माझ्यासाठी फॉर्म ७ उघडला, नाव कमी करायचा. नाव, नंबर, सगळं भरून झालं. कारणाच्या रकान्यात कायमचं स्थलांतर असा पर्याय आहे, त्यावर टिक करायची. पुण्यात रात्रीचे अकरा वाजले होते, आई झोपली असेल. म्हटलं उद्या तिला विचारून भरू, आणि लॅपटॉप मिटला. याला आता तीन आठवडे झाले.