एकच सेल्फ स्क्रू सगळीकडे चालत नाही

मे महिना लागला की कोकणातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर छपराचे पत्रे बसवण्याबद्दलचा एक मजकूर हमखास फिरतो. त्याचा गोषवारा असा: ‘जे (J आकाराचे) हुक विसरा, सेल्फ ड्रिलिंग स्क्रू आणा. भोक पाडावं लागत नाही, कुठल्याही लोखंडात जातो. समुद्राजवळ असाल तर स्टेनलेसचाच घ्या, मग खाऱ्या वाऱ्याची चिंता नाही. मशीन अडेपर्यंत आवळा, थेंब गळणार नाही. स्क्रू पन्हळीच्या खोलगटात मारा, तिथं पत्रा टेकलेला असतो. तीन पन्हळींआड एक पुरे.’

धातूच्या पत्र्यापुरतं पहिलं वाक्य मान्य. सिमेंटच्या पत्र्याला मात्र हुकच बरा. तो पत्रा ठिसूळ असतो आणि त्याला हलायला मोकळं भोक लागतं.

सगळ्यात महागात पडणारा सल्ला स्टेनलेसचा. दुकानात ‘एसएस’ म्हणून मिळणारा, सबंध स्क्रू एकाच धातूचा आणि तरी लोखंडात भोक पाडणारा असेल, तर तो बहुधा ४१० जातीचा असतो. ही जात तापवून कडक करता येते, म्हणून टोक कापतं. पण गंजापुढे ती ३०४ या दुसऱ्या स्टेनलेस जातीइतकी टिकत नाही. हर्णै-मालवणच्या हवेत तिच्यावर तांबूस डाग लवकर दिसतात. ३०४ आणि ३१६ या जाती खाऱ्या हवेत कितीतरी जास्त टिकतात, पण त्यांचं टोक लोखंड कापण्याइतकं कडक नसतं. म्हणून त्यांना कार्बन स्टीलचं टोक जोडतात. त्याला बायमेटल म्हणतात. दुकानातच चुंबक लावून बघा: टोकाला घट्ट चिकटलं आणि डोक्याला जवळजवळ नाही, तर बायमेटल. दोन्हीकडे घट्ट चिकटलं, तर पैसे देण्याआधी जात विचारा.

बरं, अस्सल ३१६ मिळाला तरी तो कुठे मारणार? आपल्याकडे बहुतेक पत्रे जस्ताचा किंवा ॲल्युमिनियम-जस्ताचा थर दिलेले. मिठाच्या ओलाव्यात स्टेनलेस त्या थराला टेकलं की स्क्रू चकचकीत राहतो आणि भोकाभोवतीचा थर आधी खाल्ला जातो. म्हणूनच अशा पत्र्यांचे उत्पादक स्टेनलेस स्क्रू सहसा नको म्हणतात. तिथे जाड संरक्षक थराचा कार्बन स्टीलचा स्क्रू घ्यावा. ऑस्ट्रेलियाच्या एएस ३५६६ या मानकात गंजरोधाचे १ ते ४ असे वर्ग आहेत, त्यातला चौथा किनाऱ्यासाठी. साधा पिवळा, पातळ मुलाम्याचा स्क्रू घराच्या आत ठीक. आणि पडवीच्या वळचणीखाली, जिथे पावसाचं पाणी मीठ धुऊन नेत नाही, तिथे गंज उघड्या छपरापेक्षा लवकर धरतो. बचत करायचीच तर तिथे तरी नको.

‘कुठल्याही लोखंडात’ हेही खोटं. टोकाला नंबर असतात. नेहमीच्या ५.५ मिमी स्क्रूचं ३ नंबरचं टोक साधारण ५ मिमी जाडीपर्यंत चालतं. त्यापुढे ५ नंबर, तो १२ मिमीच्या आसपास जातो. ही जाडी पत्रा आणि खालचं लोखंड मिळून मोजायची. भोक आरपार व्हायच्या आत आटे लोखंडात शिरले तर स्क्रू मोडतो. उलट पातळ चौकोनी पाइपात जाड टोक घातलं तर भोक मोठं होतं आणि आट्यांना पकड राहत नाही. लाकडी वासे-रिपांना तर हे ड्रिलचं टोक नकोच. तिथे अणकुचीदार टोकाचा, विरळ आट्यांचा स्क्रू. नुसता सेल्फ टॅपिंग असेल तर आधी भोक पाडावंच लागतं, तो फक्त आटे पाडतो. दुकानदार दोघांनाही ‘सेल्फ’ म्हणतो, तेव्हा टोक बघून घ्या.

मशीन अडेपर्यंत आवळणं म्हणजे गळतीला आमंत्रण. डोक्याखालचा रबरी वायसर दबून धातूच्या टोपीच्या कडेपर्यंत आला की थांबायचं. बाहेर फुगून आला तर तो फाटणार आणि पत्र्याला पडलेल्या खळग्यात पाणी साचणार. क्लच असलेलं, म्हणजे ठरवलेल्या जोरावर आवळणं आपोआप थांबवणारं मशीन वापरा. ड्रिलचा कीस त्याच दिवशी झाडून काढा. सकाळपर्यंत तो गंजतो, आणि डाग पडले की दोष पत्र्याला दिला जातो.

खोलगटाचा सल्ला भिंतीच्या पत्र्याला ठीक. छपरावर पाणी वाहतं तेच खोलगटातून, आणि रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. प्रत्येक स्क्रूचं भोक त्या धारेत कशाला ठेवायचं? उंचवट्यावर मारा. लांब स्क्रू लागेल, आणि आवळताना पन्हळ चेपणार नाही एवढा हात हलका ठेवावा लागेल.

उरलं ‘तीन पन्हळींआड एक’. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा श्रीवर्धन-दापोलीकडे किती पत्रे उडाले, ते तिथल्यांना सांगायला नको. वारा पत्रा वर ओढतो, आणि ती ओढ कडेला, कोपऱ्यांना, आढ्यापाशी सगळ्यात जास्त असते. मधल्या भागात अंतर थोडं वाढवलं तरी चालेल. कडेच्या वाशा-पाइपांवर मात्र प्रत्येक पन्हळीला स्क्रू हवा. ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमध्ये १९७४ च्या ट्रेसी वादळात स्क्रू जागेवर राहिले आणि पत्रेच गेले, कारण सतत फडफडून स्क्रूंभोवती पत्र्याला चिरा पडल्या होत्या. रुंद वायसर त्यासाठीही उपयोगी.

जुना पत्रा तोच ठेवून फक्त गंजके स्क्रू बदलत असाल, तर ५.५ च्या भोकात पुन्हा ५.५ घालू नका, ६.३ मिमीचा घ्या.